बहुरूप्याचें स्वातंत्र्य

मराठींत ‘सोंग’ आणि ‘ढोंग’ असे दोन शब्द आहेत. यमक जुळतें म्हणून ते पुष्कळदां जोडीनें उच्चारले जातात. परंतु त्यांच्या अर्थांत मोठें अंतर आहे. ढोंग करणाऱ्यास आपलें खरें रूप कधींच उघडें पडूं नये असें वाटत असतें. सोंग आणणाऱ्याचें तसें नाहीं. आपण घेतलेलें रूप पाहणाऱ्यास क्षणभर खरें वाटावें, आणि दुसऱ्याच क्षणीं तें खोटें असल्याचें कळून त्यास हंसूं यावें, यांतच त्याच्या कामाचें सार्थक असतें. ढोंग उघडें पडलें म्हणजे फसतें. सोंग उघडें पडल्यावांचून पुरें होत नाहीं. हा भेद ज्यांनीं पोटापाण्याचा धंदा म्हणून पिढ्यान् पिढ्या पाळला, त्या बहुरूपी लोकांविषयीं, आणि वेषांतरामुळें त्यांना मिळणाऱ्या एका चमत्कारिक स्वातंत्र्याविषयीं, थोडी माहिती देण्याचा या भाषणाचा हेतु आहे.

धाराशीव जिल्ह्यांतील परंडा हें गांव अशा फिरत्या कलावंतांचा विचार करण्यास सोयीचें आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या शिवेलगतच्या टापूंत तें वसलें आहे. तेथील भुईकोट किल्ला प्रसिद्धच आहे. इ. स. १६०० मध्यें अहमदनगर मोंगलांच्या हातीं गेल्यावर मलिक अंबरानें निजामशाहीची गादी कांहीं काळ परंड्यास ठेविली. विजापूरची मुलूखमैदान तोफ इ. स. १५४९ मध्यें अहमदनगरास ओतली गेली आणि १६३२ मध्यें परंड्याहूनच विजापुरास नेण्यांत आली. पुढें हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत मोडूं लागला. परंडा मोंगलाईंत आणि जवळची बार्शी इंग्रजी अमलांत, अशी स्थिति १९४७ पर्यंत होती. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामाची सत्ता संपली आणि १९५६ मध्यें मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. एवढ्या काळांत सत्तेचे किती वेष या गांवानें पाहिले असतील! राजवट बदलली कीं अधिकाऱ्याची पगडी बदलते, पट्टा बदलतो. सामान्य माणसास मात्र त्याच्यापुढें पूर्वींप्रमाणेंच वांकावें लागतें. वेषाला इतका मान कां, हा प्रश्न अशा गांवांतील माणसाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं. बहुरूपी त्याच प्रश्नाचा खेळ करून दाखवितो.

फिरत्या लोकांना येथें वाटही मोकळी आहे. परंडे तालुक्यांत सोनारीचा काळभैरवनाथ आहे. सीनेच्या कांठीं डोमगांवास समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. खुद्द परंड्यांत हंसराजस्वामींचा मठ आहे. तुळजापूरची भवानी याच जिल्ह्यांत. जेथें जत्रा तेथें गर्दी, आणि जेथें गर्दी तेथें गोंधळी, वासुदेव, पोतराज, नंदीबैलवाला आणि बहुरूपी यांची फेरी ठरलेली. सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्य असे, घरधन्याचा हात सैल असे. तोच या लोकांचाही हंगाम.

बहुरूप्यांना कोठें ‘भोरपी’ म्हणतात, कोठें ‘रायरंद’ म्हणतात. महाराष्ट्र शासनाच्या यादींत भटक्या जमातींमध्यें बहुरूपी या नांवाची स्वतंत्र नोंद आहे. यांची रीत साधारणपणें अशी. एखाद्या गांवाजवळ बिऱ्हाड टाकावयाचें, आणि दररोज एक नवें सोंग घेऊन गांवांतून फिरावयाचें. आज शंकर, उद्यां मारुति, परवां रामदासी. मग वैद्य, वकील, टपालवाला, वेडा, गरोदर बाई, पोलीस. त्या त्या दिवशीं फारसें कांहीं मागावयाचें नाहीं. शेवटच्या दिवशीं साध्या कपड्यांनीं घरोघर जाऊन केलेल्या सोंगांची आठवण द्यावयाची, आणि घरधनी जें धान्य, जुनेर किंवा पैसा देईल तें घेऊन पुढच्या गांवची वाट धरावयाची. अलीकडे एवढे दिवस एका गांवीं राहणें परवडत नाहीं. एकच सोंग घेऊन एका दिवसांत बाजारपेठ उरकावी लागते.

सोंगाचें साहित्य अगदीं थोडें. सफेता, काजळ, कुंकू, शेंदूर, तागाच्या जटा, एखादी खोटी दाढी, जुनें लुगडें, आणि रंग उडालेला खाकी अंगरखा. परंतु सोंग साहित्यानें वठत नाहीं, चालण्याबोलण्यानें वठतें. अर्धनारीचें सोंग घ्या. एकाच देहाची उजवी बाजू धोतर-पागोट्याची, डावी लुगडें-चोळीची. एका गालावर मिशी, दुसऱ्यावर नथीची दुरडी. बहुरूपी उजवी बाजू दाखवून नवऱ्यासारखा दरडावतो, आणि गर्रकन् वळून डाव्या बाजूनें बायकोसारखा फणकारतो. रस्त्याच्या मधोमध, दिवसाच्या उजेडांत, प्रेक्षकापासून दोन हातांवर हें करावयाचें. १८४३ मध्यें विष्णुदास भावे यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हांपासून मराठी नटास रंगमंच, पडदा आणि दिवे यांचा आश्रय मिळत गेला. बहुरूप्यास यांतलें कांहींच नाहीं. त्याचा प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसतो. आपण प्रेक्षक आहों हेंच त्यास प्रथम ठाऊक नसतें. नटवर्य चिंतामणराव कोल्हटकर यांनीं आपल्या आत्मचरित्रास ‘बहुरूपी’ हें नांव दिलें, आणि त्या ग्रंथास १९५८ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. थोर नटानेंही ज्याचें नांव अभिमानानें घ्यावें, असा हा रस्त्यावरचा कलावंत आहे.

आतां त्याच्या स्वातंत्र्याकडे वळूं. सर्वांत लोकप्रिय सोंग पोलिसाचें. समजा, बाजाराच्या दिवशीं एक फौजदार दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहतो. हातांत छडी, खिशांत वही, चेहऱ्यावर राग. ‘तुमच्यावर वॉरंट आहे, चला,’ असें तो म्हणतो. दुकानदार गडबडतो, शेजारपाजारचे जमतात. मग फौजदार गुन्हा वाचूं लागतो, आणि तो गुन्हा असा विलक्षण निघतो, त्याचीं कलमें अशीं यमकांत येतात, कीं हळूहळू सर्वांच्या ध्यानांत प्रकार येतो. हंशा पिकतो. दुकानदारही ओशाळून हंसतो आणि गल्ल्यांत हात घालतो.

या लहानशा खेळांत काय काय घडलें तें पाहावें. ज्या माणसास एरवीं त्या पायरीवर बसूं दिलें गेलें नसतें, त्यानें तेथें उभें राहून दुकानदारास दरडावलें. ज्या पोलिसाच्या नुसत्या हांकेनें त्याच्या बिऱ्हाडाची धांदल उडते, त्याच पोलिसाची त्यानें भर चौकांत नक्कल केली. अधिकार हा माणसांत किती आणि पट्ट्यांत किती, याचा हिशेब चार मिनिटांत सर्वांस कळला. हेंच तें स्वातंत्र्य. आपल्या जन्मानें आणि गरिबीनें घातलेली वेस सोंगापुरती ओलांडतां येते. जी गोष्ट उघड्या तोंडानें बोलतां येत नाहीं, ती रंगविलेल्या तोंडानें बोलतां येते. आणखी एक सूक्ष्म लाभ आहे. लोक सोंगाकडे पाहत असतां सोंगाआडच्या माणसाकडे कोणी पाहत नाहीं. ज्याची जन्मभर कोणी ना कोणी चौकशी करीत असतो, त्यास तेवढा वेळ तरी चौकशीवांचून गांवांत हिंडतां येतें.

या स्थितीचें मर्म आपल्या संतांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. ज्ञानेश्वरींत तिसऱ्या अध्यायांत बहुरूप्याचा दृष्टांत आहे. बहुरूपी राजा-राणीचीं सोंगें आणतो, पण त्याच्या मनांत आपण पुरुष किंवा स्त्री असल्याचा तो भाव नसतो. लोकांसाठीं मात्र तो तें काम बिनचूक वठवितो. ज्ञान्यानें कर्म करावें तें असें, हा तेथील अभिप्राय. पैठणच्या एकनाथांनीं सोळाव्या शतकांत याच्याही पुढें पाऊल टाकलें. त्यांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी, कोल्हाटी, महार असे कितीतरी लोक आपापल्या बोलींत बोलतात. विद्वान ब्राह्मणानें या लोकांचें सोंग घेऊन समाजास चार गोष्टी सुनवाव्या, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. नाथांस जें थेट उपदेशानें साधलें नसतें, तें सोंगानें साधलें.

परंतु वेषांतराचा उपयोग सर्व काळीं मोकळेपणासाठींच झाला असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत तापस, गृहस्थ, व्यापारी, भिक्षुकी अशा वेषांनीं फिरणाऱ्या हेरांचे प्रकार सांगितले आहेत. शिवाजीमहाराजांचा हेर बहिर्जी नाईक हाही वेषांतरांत निष्णात होता असें परंपरा सांगते. हेराचें सोंग राज्याच्या कामाचें खरें. पण तें कधींच उघडें व्हावयाचें नसतें, म्हणून बहुरूप्याच्या सोंगाशीं त्याची जात जुळत नाहीं. तथापि लोकांच्या मनांत दोहोंची गल्लत होते, आणि फिरत्या माणसाकडे संशयानें पाहण्याचें एक कारण तेंच आहे.

बहुरूप्याचें स्वातंत्र्य मोकाट नाहीं. त्यास मर्यादा आहेत, आणि त्या त्यानें स्वतःच पाळावयाच्या असतात. याविषयीं एक लोककथा देशांत ठिकठिकाणीं सांगतात. एका राजानें बहुरूप्यास म्हटलें कीं, मला ओळखूं न येईल असें सोंग आण, म्हणजे बक्षीस देईन. कांहीं महिन्यांनीं नगराबाहेर एक साधु येऊन बसला. तो कोणाशीं बोलेना, कोणाकडून कांहीं घेईना. त्याची कीर्ति वाढत गेली. अखेर राजा स्वतः दर्शनास आला आणि त्यानें मोहरांनीं भरलेलें ताट पुढें ठेविलें. साधूनें ताटाकडे पाहिलेंही नाहीं. दुसऱ्या दिवशीं बहुरूपी दरबारांत आला आणि ठरलेलें बक्षीस मागूं लागला. राजा चकित होऊन म्हणाला, ‘वेड्या, काल तर सारें ताटच तुझें होतें!’ बहुरूपी म्हणाला, ‘महाराज, काल मी साधु होतों. साधूनें मोहरा उचलल्या असत्या तर सोंग बिघडलें असतें. आज मी बहुरूपी आहें. माझें बक्षीस तेवढें मिळावें.’

या गोष्टींत त्या धंद्याचा सारा कायदा आला आहे. सोंगाच्या बळावर मिळणारें घ्यावयाचें नाहीं. सोंग उतरविल्यावर कलेचें मोल म्हणून मिळेल तेंच आपलें. जो पोलिसाचें सोंग घेऊन दंड वसूल करील तो बहुरूपी राहिला नाहीं, भामटा झाला. सरकारी कायदाही थोडाफार याच वाटेनें जातो. १८६० च्या भारतीय दंडविधानांत, आणि त्याच्या जागीं १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेंत, लोकसेवकाचा गणवेष धारण करणें हा गुन्हा आहे, तो लोकांनीं आपणांस खरा अधिकारी समजावें अशा हेतूनें केलें असतां. बहुरूप्यास तो समज क्षणभरच हवा असतो. त्या एका क्षणाच्या अरुंद बांधावरून त्याला चालावें लागतें.

सामान्य लोकांनाही हें स्वातंत्र्य वर्षांतून एखाद्या वेळीं हवेंसें वाटतें. शिमग्यांत गांवोगांव सोंगें निघतात. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यांत देवदैत्यांचे मुखवटे नाचतात. दक्षिणेंतील मोहरमांतही अशीच चाल होती. जाफर शरीफ यांनीं लिहिलेल्या आणि हर्कलॉट्स यांनीं १८३२ मध्यें इंग्रजींत प्रसिद्ध केलेल्या ‘कानून-ए-इस्लाम’ या ग्रंथांत, मोहरमांत नवसानें घेतल्या जाणाऱ्या नाना तऱ्हेच्या फकिरांचें आणि अंग रंगवून केलेल्या वाघांचें वर्णन आहे. युरोपांत व्हेनिस नगरांत उत्सवाच्या दिवसांत मुखवटा घातलेला मनुष्य उमराव आहे कीं नोकर, हें ओळखूं येत नसे. नेपोलियनच्या स्वारीनंतर १७९७ मध्यें तेथील प्रजासत्ताक संपलें आणि ती प्रथाही लयास गेली. १९७९ मध्यें तो उत्सव पुन्हां सुरू झाला. हीं सर्व उदाहरणें आणि बहुरूपी यांत एक फरक आहे. शिमग्यांतला सोंगाड्या दुसऱ्या दिवशीं रंग धुऊन आपल्या घरीं, आपल्या शेतावर जातो. बहुरूपी रंग धुतो तेव्हां त्याला जाण्यास पाल असतें. घर असतेंच असें नाहीं.

येथें या स्वातंत्र्याची दुसरी बाजू पाहणें प्राप्त आहे. ‘सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं,’ अशी म्हण आहे. ती बहुरूप्याइतकी दुसऱ्या कोणास लागू पडत नसेल. सकाळीं राजा होणाऱ्यास संध्याकाळीं चूल पेटविण्याची विवंचना असते. शिवाय हें स्वातंत्र्य घरांतील सर्वांच्या वांट्यास येत नाहीं. सोंग स्त्रीचें असलें तरी तें घेणारा बहुधा पुरुषच. त्याच्या घरची स्त्री पालाशीं मुलें सांभाळीत असते. आणि सतत फिरतीमुळें मुलांची शाळा अर्ध्यांतच सुटते.

गांवानेंही त्यांच्याकडे नेहमीं कौतुकानें पाहिलें असें नाहीं. महसूल खात्याचा दीर्घ अनुभव असलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ सालीं ‘गांवगाडा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत या फिरस्त्यांचा विचार कष्टकरी कुणब्यावर पडणारा भार या दृष्टीनें केलेला आहे. त्या म्हणण्यांत तथ्य होतें. कुणब्याचें खळें कांहीं अक्षय नव्हतें. उलट डॉ. प्रभाकर मांडे यांनीं ‘गांवगाड्याबाहेर’ या ग्रंथांत याच लोकांचें जीवन त्यांच्या बाजूनें समजून घेतलें. कायद्याची दृष्टि बराच काळ पहिल्या प्रकारची राहिली. मुंबई राज्याच्या १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यांत गाणें, नाचणें, भविष्य सांगणें किंवा खेळ करून दाखविणें अशा मिषानें सार्वजनिक जागीं भिक्षा मागणें याचाही समावेश ‘भीक’ या व्याख्येंत केला गेला. त्या व्याख्येप्रमाणें कला हें एक मिष ठरतें. हाच कायदा दिल्लीसही लावलेला होता. तेथील उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें त्याचीं अनेक कलमें दिल्लीपुरतीं रद्द ठरविलीं. दुसरीकडे राजस्थानांतील भिलवाड्याचे बहुरूपी कलावंत जानकीलाल यांस २०२४ मध्यें पद्मश्री देण्यांत आली. एकाच कलेस एका हातानें सन्मान आणि दुसऱ्या हातानें अटकाव, अशी ही स्थिति आहे.

कायद्याहून भयंकर गोष्ट म्हणजे जमावाचा संशय. २०१२ च्या मे महिन्यांत नागपूर शहराच्या एका भागांत स्त्रीवेष घेऊन भिक्षेस निघालेल्या नाथजोगी समाजाच्या माणसांना जमावानें चोर समजून मारलें. तिघांचे प्राण गेले. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मंगळवेढें भागांतून भिक्षेसाठीं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच जणांना, ते मुलें पळविणारे आहेत अशा अफवेवरून, जमावानें ठार केलें. मंगळवेढें परंड्याहून फार दूर नाहीं. भटक्या लोकांच्या पायांस तर तें अंतर कांहींच नाहीं. मोबाइलवरून पसरलेली अफवा गांवांत आधीं पोहोंचली आणि माणसें मागाहून पोहोंचलीं, हा त्यांचा अपराध.

म्हणून आतां पुष्कळ फिरस्ते गांवांत शिरण्यापूर्वीं पोलीस ठाण्यांत वर्दी देतात, आणि ओळखपत्र जवळ बाळगतात. अनेक रूपें घेणें हाच ज्याचा धंदा, त्यास आपल्या एकाच रूपाचा छापील पुरावा खिशांत ठेवून हिंडावें लागतें. फौजदाराचें सोंग घेतलेल्या माणसाच्या खिशांत खऱ्या फौजदाराच्या शिक्क्याचा कागद असतो! हें ऐकून प्रथम हंसूं येईल. परंतु तो कागदच त्याच्या जिवाचा जामीन आहे हें ध्यानांत घेतलें म्हणजे हंसूं ओसरतें.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बहुरूप्याचें स्वातंत्र्य त्याच्या रंगांत किंवा जटांत नसून पाहणाऱ्याच्या मनांत आहे. आपली फजिती झाली असतां दुकानदार हंसला, तर तो मनुष्य कलावंत ठरतो. त्याच जागीं दुकानदार भ्याला आणि ओरडला, तर तोच मनुष्य चोर ठरतो. पूर्वींच्या गांवांत दरसालची फेरी ठरलेली असे. बहुरूप्याच्या बापास घरधन्याच्या बापानें पाहिलेलें असे. त्या ओळखीच्या भरंवशावर फसवणुकीची गंमत चालत होती. आज गांवें वाढलीं, माणसें एकमेकांस अनोळखी झालीं, आणि ती ओळख तुटली. ती पुन्हां जोडण्याचें काम कायद्याला एकट्यानें जमणारें नाहीं.

बहुरूप्याच्या मुलानें सोंगेंच आणीत राहावें, असा हट्ट कोणी धरूं नये. त्यास शाळा मिळावी, घर मिळावें, हवा तो व्यवसाय मिळावा. जन्मानें लादलेली कला ही मोकळीक नव्हे. पण ज्यास ती कला आपखुषीनें करावयाची आहे, त्यास ती निर्भयपणें करतां आली पाहिजे. पेठेंतून एखादा रंग उडालेल्या अंगरख्याचा फौजदार येतांना दिसला, तर हात उगारण्यापूर्वीं त्यास त्याचें नांव आणि गांव विचारावें. तो सांगेल, सोंगाचा शेवट सांगण्यानेंच व्हावयाचा असतो. नागपुरास आणि राईनपाड्यास त्या माणसांचें सांगणें शांतपणें ऐकून घेतलें गेलें असतें, तर आठ माणसें आपापल्या बिऱ्हाडीं परत गेलीं असतीं.